छत्रीखालचं निंदण

मंदाने त्या सकाळी टरबुजाची एकेचाळीस रोपं उपटली. उपटून बांधावर मांडली, तण मांडतात तशी, मुळं वर करून, म्हणजे उन्हात लवकर मरावीत. आणि ज्या वाफ्यातून ती काढली तिथे दुधी, माठ, गाजरगवत असलं सगळं तण जागच्या जागी उभं होतं. त्यांच्या बुडाची माती तिने खुरप्याने हलकी करून दिली होती आणि शेजारचं मूठभर शेणखतही ओढून लावलं होतं.

मी ठिबकची नळी बघायला वावराच्या दुसऱ्या टोकाला गेलो होतो. परतलो तेव्हा ती वाफ्याच्या शेवटी उकिडवी बसून पदराने मान पुसत होती.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "लय तण होतं औंदा."

"हाव," मी म्हणालो.

तिला चहा ठेवायला घरी पाठवलं आणि त्या रोपांजवळ बसलो. दोन पानांची, तिसरं पान फुटू लागलेली रोपं. काहींची मुळं अजून ओली होती. पण टरबुजाचं मूळ एकदा दुखावलं की पुन्हा जमीन धरत नाही. घरून भिजवलेलं बी आणलं आणि एकेचाळीस खाडे, म्हणजे रिकाम्या पडलेल्या जागा, भरले.

मंदा म्हणजे माझी बायको. तीस वर्षं ती आमच्या गावच्या निंदणाच्या, म्हणजे तण काढणाऱ्या बायांच्या, टोळीची म्होरकी होती. वर्धा नदीच्या काठची वावरं, सगळी टरबुजाची. टरबुजाचं कोवळं रोप आणि रानातल्या कडू कवंडळाचं कोवळं रोप शेजारी ठेवलं तर कृषी शाळा शिकलेला माणूसही चुकतो. मंदा नुसतं पान चोळून सांगायची. टोळीतली कांता म्हणायची, "मंदाबाईच्या बोटाले डोळे हायेत, म्हणून तिले तोंडावरचे डोळे मिटून झोपा काढता येते." यावर सगळ्या बाया हसायच्या, आणि मंदा हसता हसता एक वाफा पुढे गेलेली असायची.

त्या हंगामात असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिने मला खाडे भरताना पाहिलं.

"काय करून राहिले?"

"उंदरानं रोपं खाल्ली."

"तुमचं ध्यान कोठी रायते? पिंजरे लावा न."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून चार पिंजरे आणून वावरात ठेवले. ती रोज सकाळी जाऊन ते बघायची, आणि रिकामे दिसले की म्हणायची, "इतकी उमर झाली, तुमाले पिंजरा बी लावता येत नाई."

दिवाळीनंतर वृषालीने तिला यवतमाळला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वृषाली आमची एकुलती एक मुलगी. तालुक्याला शेतकऱ्यांचं अवजार केंद्र आहे, तिथली यंत्रं तिच्या हाताखाली असतात. डॉक्टरीणबाईंनी मंदाला चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला सांगितले. मग विचारलं, "आजी, कोणता महिना चालू आहे?"

"निंदणाचा," मंदा म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण कागदावर त्यांनी शून्य लिहिलं. नंतर मला आणि वृषालीला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्यांनी उतार हळू होईल, थांबणार नाही. त्यांना एकटं कुठे सोडू नका. पण हाताला आज जे येतंय ते करू द्या. जे काम सुटेल ते परत येणार नाही."

येताना बसमध्ये वृषाली म्हणाली, "म्हणजे आता आई घरीच राहील." एकटं सोडू नका, एवढं तिने धरलं होतं. मी शेवटचं वाक्य धरलं होतं. त्यावरून आमचं भांडण झालं नाही. आम्ही दोघं यवतमाळपासून घरापर्यंत आपापल्या खिडकीबाहेर बघत राहिलो, एवढंच.

त्याच थंडीत ते यंत्र आलं.

मधली काही वर्षं टरबुजाला तणाचा इतका त्रास नव्हता. वाफ्यावर प्लास्टिक अंथरायचं, भोक पाडून बी टाकायचं. नदीकाठच्या वावरांत प्लास्टिकला बंदी आली आणि तण परत आलं. निंदणाला बाया उरल्या नव्हत्या. कांताच्या टोळीत चार जणी, त्यांतल्या दोघींचे गुडघे गेलेले. मग उरतं तणनाशक, आणि तिथेच टरबुजाची अडचण आहे. गवतावरचं औषध टरबुजाला सोसतं, कारण गवताची जातच निराळी. पण दुधी, माठ, गाजरगवत ही रुंद पानाची. आतून ती आणि टरबूज फार वेगळी नाहीत. जे त्यांना मारतं ते वेलालाही मारतं.

हे मला माझ्या पंपाने शिकवलं. वृषाली लहान होती तेव्हा मी गव्हात तणनाशक मारलं, पाठीवरचा पंप नदीवर दोनदा खळबळून धुतला, आणि त्यातच किड्याचं औषध कालवून टरबुजावर मारलं. दोनदा धुणं पुरत नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या वेलांचे शेंडे विंचवाच्या नांगीसारखे वळून आकसले. त्या साली आम्ही टरबूज विकत आणून खाल्लं. मंदाने त्यावर पुढे तीस वर्षं काढली. धुऊन स्वेटर आकसला, उन्हात चप्पल आकसली, काहीही आकसलं की ती विचारायची, "पंप धुतला नोयता का?"

वृषालीच्या यंत्राची युक्ती अशी होती की तण ओळखायच्या भानगडीत पडायचंच नाही. तणाच्या शंभर जाती. पीक एकच, तर पीक ओळखायचं. पेरण्याआधी बी एका रंगाच्या पाण्यात भिजवायचं. तो रंग बियाण्यातून मुळात, मुळातून खोडात आणि खोडातून पानात चढतो. साध्या उजेडात काही कळत नाही, पान हिरवंच दिसतं. पण एका खास हिरव्या दिव्याचा उजेड त्यावर टाकला आणि केशरी काचेतून पाहिलं, की ते पान निखाऱ्यासारखं पेटतं. तणाला हा रंग कोणी पाजलेला नसतो. ते काळं राहतं.

यंत्र चार चाकांवर वाफ्याच्या वरून चालतं. खाली चारी बाजूंनी काळी झालर, म्हणजे आत ऊन शिरू नये. आत दिवा, यंत्राचा डोळा आणि सुईसारख्या बारीक तोंडांची रांग. जे पेटलं ते सोडायचं. जे हिरवं आहे पण पेटलं नाही, त्याच्यावर औषधाचा एक थेंब. औषध असं की ज्या पानाला लागेल ते मारील. पण फवारा नाही, थेंब आहे, म्हणून वाऱ्यावर उडत नाही. मी पंपच्या पंप रिकामे करायचो तिथे वाटीभर औषध पुरतं. रंग पानात पेरणीपासून पस्तीस दिवस टिकतो. पान वाढतं तसा पातळ होत जातो. तेवढ्यात वेल वाफा झाकतो, आणि वेलाने जमीन झाकली की खालच्या तणाचा जोर राहत नाही.

तालुक्यातलं पहिलं यंत्र वृषालीने आमच्याच वावरात लावायचं ठरवलं. पेरणीपासून छत्तिसाव्या दिवशी अकरा गावचे शेतकरी ते यंत्र आणि त्याने साफ केलेलं वावर बघायला येणार होते.

आठव्या दिवशी ती टेम्पोतून यंत्र घेऊन आली. मंदा बांधावर गोणपाटावर बसली होती. यंत्र उतरवलं तसं तिने ते निरखून पाहिलं.

"हे काय व? तिरडीले चाकं लावले का?"

वृषालीला हसू आवरलं नाही. "आई, हे निंदणाचं यंत्र आहे."

"अन बाया?"

"बाया नाही लागत याला."

"चाय प्यायला गेल्या असतील," मंदा मला म्हणाली. "सांगा त्यायले, ऊन चढून राहिलं."

रोपं सगळीकडे सारखी रंगली आहेत का, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी वृषालीजवळ एक हातातला दिवा आणि केशरी चष्मे होते. उन्हात ते पेटणं दिसत नाही, म्हणून तिने एक मोठी काळी छत्री आणली होती. कडेला हातभर कापड शिवलेली. मी छत्री धरायचो, ती वाकून बघायची. मध्येच तिला केंद्रातून फोन आला म्हणून ती चष्मा आणि दिवा वाफ्यावर ठेवून टेम्पोकडे गेली. मी वळून पाहिलं तर मंदा शेजारी उभी. चष्मा तिने डोळ्यांवर चढवला होता, उलटा.

मी तो सुलट करून दिला आणि दिव्याचं बटण दाबलं.

ती उजेडावर वाकली. मग खाली बसली. छत्रीच्या सावलीत टरबुजाची रोपं केशरी पेटली होती, एका हाताच्या अंतरावर एक. त्यांच्या मधलं सगळं काळं.

"पाह्यता का," ती हळूच म्हणाली. "कोणीतरी दिवे लावून ठेवले."

आणि तिचा हात पुढे गेला. डाव्या हाताने पेटलेलं रोप थोडं बाजूला झुकवायचं, उजव्याने त्याच्या बुडातलं काळं मुळासकट काढायचं, झटकायचं, मागे टाकायचं. तसंच, जसं ती तीस वर्षं करत आली होती. तिला सांगावं लागलं नाही. मी छत्री घेऊन तिच्याबरोबर सरकत होतो. दहा-बारा हात वाफा झाला. मी चष्मा न लावता मागे टाकलेलं एकेक उचलून पाहिलं. दुधी, माठ, दुधी, लव्हाळा, गाजरगवत. टरबूज एकही नव्हतं.

फोन संपवून वृषाली आली आणि टेम्पोजवळच थांबली. मला वाटलं तिलाही ते दिसलं. पण ती जवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, दिव्याची बॅटरी संपेल."

"वृषे, सहा ओळी तिच्यासाठी ठेव," मी म्हणालो. "नदीकडच्या. तिथं यंत्र नोको नेऊ."

"बाबा, हा खेळ नाही आहे. तिथे तण राहिलं तर त्याच्यावर मावा येईल, माव्यामागे रोग येईल, अन तो सगळ्या वावरात जाईल. लोक येणार आहेत बघायला. त्यांना काय सांगू?"

"तिच्या हातचं तण राहत नाई."

"गेल्या वर्षी?"

गेल्या वर्षीचं मी तिला सांगितलं नव्हतं. उंदरांचंच सांगितलं होतं. ती माझी मुलगी. तिने चार रिकामे पिंजरे पाहिले होते आणि तिला कळलं होतं.

मंदा खालून म्हणाली, "बापलेक भांडता काऊन? छत्री हालून राहिली."

वृषालीने आईकडे पाहिलं. मग यंत्राच्या पाटीवर वावराचा नकाशा होता, त्यातल्या नदीकडच्या सहा ओळी बोटाने पुसून टाकल्या. "पेरणीपासून पस्तीस दिवस," ती म्हणाली. "रंग आहे तोवर. त्यानंतर आईला वेलात आणायचं नाही. रंग उतरला की तिला काही कळणार नाही, आणि तेव्हा वेलाला फुलं असतील. कबूल?"

"कबूल."

तिने दिवा आणि दोन चष्मे परत नेले नाहीत. जाताना छत्रीही राहू दिली.

मग आमचं रोजचं सुरू झालं. सकाळी नवाच्या सुमारास मी छत्री खांद्यावर टाकून निघायचो, मंदा खुरपं घेऊन मागे. बाकीचं वावर यंत्राने साफ ठेवलं होतं. पंधराव्या दिवशी ते पुन्हा फिरलं, तेव्हा वाफ्यांवर दोन दिवसांत पिवळं पडलेलं तण सोडून काही दिसेना. आमच्या सहा ओळींत आम्ही दोघं. ती बसून, मी उभा, छत्री धरून. ऊन सरकलं की छत्री सरकवायची. मला आधी वाटायचं हात भरून येईल. पण पाठीवर पंप वाहिलेल्या माणसाला छत्री म्हणजे काय.

रस्त्याने कांता जायची. तिला फावलंच.

"दौलतभाऊ, राणीसाहेबाची स्वारी निघाली वाटते."

"हाव, मी चोपदार."

"लगनाच्या वक्ती तरी धरली होती का छत्री?"

मंदाने मान वर न करता उत्तर दिलं, "तुह्या नवऱ्याले पाठवून दे कांते. त्याले बी धरता येते का पाहू."

तशी ती कधी कधी पूर्वीसारखी असायची. कधी नसायची. टोळीतल्या दोन बाया मरून वर्षं झाली होती, त्यांची नावं घेऊन ती म्हणायची, आज उशीर झाला दोघींना. मी म्हणायचो, येतील. घोळ आणि तांदुळजा ती पहिल्यापासून तण म्हणून टाकत नसे. ते पदरात बांधायचं, संध्याकाळी भाजी. ती भाजी करायची आणि मीठ घालायची, मग पुन्हा घालायची. आम्ही जेवायचो आणि दोन-दोन तांबे पाणी प्यायचो.

सतराव्या दिवशी तिने काम मध्येच थांबवलं. माझ्या पायांकडे पाहिलं. मग वर पाहिलं. चष्म्याच्या केशरी काचांमागे तिचे डोळे दिसत नव्हते, पण ती अंग चोरून मागे सरकली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी कोन?"

बेचाळीस वर्षांत तिने मला भाऊ म्हटलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत ती आणखी मागे सरकली, रोपांवर. "जा तुमी इथून. माहे मालक येतील आता. पलीकडे नळीजवळ गेले हायेत."

मी म्हटलं, "मंदे, मीच हावो." ते ऐकून ती जास्तच भ्याली. परक्या माणसाने नाव घ्यावं तशी. खुरपं तिने दोन्ही हातांत धरलं होतं.

मी छत्री तशीच धरून खाली बसलो, म्हणजे उंच वाटू नये. तिच्या पायाखाली चेपलेलं एक रोप होतं, ते सरळ करायला हात पुढे केला. माझा हात दिव्याच्या उजेडात गेला, आणि ती थांबली.

दोन दिवसांपूर्वी मी नदीकडच्या ओळींत काही खाडे भरले होते. त्यासाठी बी रंगात चोळलं ते नुसत्या हाताने. पाकिटावर हातमोजे घाला असं लिहिलं आहे. पण आमच्यात बी हातानेच चोळतात. राख असो, शेणकाला असो, हाताने. रंग भेगांत बसला होता, नखांच्या कडांत, चाळीस वर्षं पंपाच्या दांड्याने पाडलेल्या घट्ट्यांत. साबणाने निघाला असं मला वाटलं होतं. चष्म्यातून काय दिसत होतं ते मला माझा चष्मा लावल्यावर कळलं. माझा पंजा पेटला होता. एकेक भेग वेगळी दिसत होती.

तिने खुरपं खाली ठेवलं. माझा हात उलटा केला, सुलटा केला. टोळीत पान बघायची तसा अंगठ्याने चोळून पाहिला.

"हे आपलं हाय," ती म्हणाली. "हे नाई काढायचं."

आणि तिने तो हात, रोप झुकवतात तसा, हलकेच बाजूला ठेवला आणि त्याच्या शेजारची दुधी उपटली.

त्या दिवशी मी कोण ते तिला आठवलं की नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र निघण्याआधी थोडं बी रंगात चोळायला लागलो, पेरायचं नसलं तरी. वृषालीला कळलं असतं तर ती रागावली असती. रंग महाग नव्हता, पण तो तिने मोजून दिला होता.

बत्तिसाव्या दिवशी मंदा म्हणाली, "दिवा बारीक झाला व." मी बॅटरी बदलली. बॅटरीत काही झालं नव्हतं. चौतिसाव्या दिवशी पानं नुसती तांबूस दिसत होती, विझत आलेल्या चुलीसारखी. वेल वाफ्यावरून खाली उतरले होते. पिवळी फुलं आली होती, आणि काही फुलांच्या मागे बोराएवढं हिरवं फळ. पस्तिसाव्या दिवशी संध्याकाळी वृषालीचा फोन आला. "बाबा, उद्या दहाला लोक येतील. आईला घरीच ठेवा. कांतामावशी थांबते म्हणाली."

"हाव."

छत्तिसाव्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर मंदा दारात उभी. लुगडं खोचलेलं, एका हातात खुरपं, दुसऱ्यात काळी छत्री. रोज छत्री मीच घ्यायचो. आज तिने आठवणीने कोपऱ्यातून ती काढली होती. गेल्या सहा महिन्यांत तिला आपणहून आठवलेली ती पहिली गोष्ट होती.

कांता पायरीवर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"जा," कांता म्हणाली. "मी काय, मी नुसती बसली होती."

आम्ही नदीकडच्या ओळींत गेलो. वावराच्या दुसऱ्या बाजूला तीसेक लोक यंत्राभोवती जमले होते. वृषाली उंच आवाजात त्यांना थेंबाचं सांगत होती. एका एकराला औषध किती, पूर्वी किती लागायचं. मी छत्री उघडली. दिवा लावला. मंदाने चष्मा लावला आणि पहिल्या वेलाकडे पाहिलं. काही पेटलं नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग काढून मातीवर ठेवून दिला.

तिने हात घातला. पहिल्यांदा दुधी निघाली. मग माठ. मग तिने वेल बुडाशी धरला, खुरप्याचं टोक मुळाशी घातलं, आणि ओढला. हात-हात लांब वेल, त्याच्यामागे दोन फुलं आणि एक बोराएवढं टरबूज. झटकला आणि मागे टाकला.

मी तिचं मनगट धरायला हात पुढे केला. ते मनगट किती वेगाने, किती सहज चाललं होतं. मी हात परत छत्रीच्या दांड्यावर नेला.

तिने दुसरा वेल काढला. तिसऱ्या जागी मधलं तण तेवढं काढलं, वेल ठेवला. चौथा काढला. तिच्या कपाळावर आठी नव्हती. ती काहीतरी गुणगुणत होती, टोळीत काम रंगात आलं की गुणगुणायची तसं.

पलीकडे वृषालीचा आवाज थांबला. कोणीतरी म्हणालं, "अहो ताई, ती बाई वेल उपटून राहिली तिकडे." दुसरा कोणी हसला. "अन त्या बुढ्याने छत्री धरली वर." मी तिकडे बघितलं नाही. वृषालीला मी शब्द दिला होता, आणि ज्या दिवशी तो पाळायचा त्या दिवशी तिच्या अकरा गावच्या लोकांसमोर तो मोडला होता. ती येईल, आईला उठवील, घरी नेईल. त्यात तिचं चुकणार नव्हतं. मी मनात मोजत होतो की तोवर या ओळीतले आणखी किती हात होतील.

पावलं आली, पण आमच्याकडे नाही. आमच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

निंदणात प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ. एखादी बाई मागे पडली, म्हातारी असली, आजारी असली, तर बाकीच्या आपली पात संपवून निघून जात नाहीत. तिला काही म्हणतही नाहीत. एक जण तिच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते आणि निंदत निंदत तिच्या समोर येते. मधे कुठेतरी दोघी भेटतात आणि ओळ संपते. मंदाने हे शेकडो वेळा केलं होतं. वृषाली तेव्हा बांधावर खेळत असायची.

तिने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. खुरपं नव्हतं, हातानेच काढत होती. यंत्राजवळ लोक तसेच उभे होते. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली होती आणि एकेक हात पुढे सरकत होती. तिच्या बाजूचं तण निघत होतं आणि वेल राहत होते. आमच्या बाजूचं जे निघत होतं ते निघत होतं. मध्ये पंधरा हात अंतर राहिलं, मग दहा, मग चार.

मंदाने एक वेल उपटला, फळासकट. टाकायला हात मागे नेला तेव्हा समोर कोणीतरी आहे हे तिला दिसलं. वृषालीने हात पुढे केला. मंदाने वेल तिच्या हातात दिला. वृषालीने ते छोटं टरबूज एकदा पाहिलं आणि वेल आपल्या तणाच्या ढिगावर ठेवला.

"तू कोनाची व पोरी?" मंदाने विचारलं.

वृषाली बोटांची माती झटकत राहिली, निघून गेली तरी.

"इथलीच आहे," ती म्हणाली.

मंदाने तिच्या मागची ओळ पाहिली, अगदी टोकापर्यंत, एक डोळा बारीक करून. म्होरकी नव्या बाईचं काम बघते तशी.

"हात साफ हाय तुहा. कोनापाशी शिकली?"

"आईपाशी."

मंदाने मान हलवली. मग खुरप्याने शेजारच्या ओळीकडे दाखवलं.

"मंग ते पात धर. मी हे धरतो."

वृषालीने ती पात धरली.